बहात्तर होम रन, पण कुठे?

काही प्रश्नांचं उत्तर टेबल सॉर्ट केलं की मिळेल, असं वाटतं. ‘अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलमध्ये आजवरचा सर्वोत्तम हंगाम कुठल्या फलंदाजाचा?’ हा त्यातलाच एक. शंभरहून जास्त वर्षांचे आकडे नोंदवलेले आहेत. कॉलम निवडा, उतरता क्रम लावा, पहिली ओळ वाचा, विषय संपला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डेटाचं असं काहीतरी रोजच करते. पण कॉलम कुठला निवडायचा, इथेच गाडी अडते. आणि जरा खोलात गेलं की लक्षात येतं, आपण आकड्यांबद्दल बोलतच नाही आहोत. एखाद्या माणसाच्या कामाला ‘सर्वोत्तम’ म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, आणि काय मोजायचं टाळतो, याबद्दल बोलतोय.

आधी मायनर लीग म्हणजे काय, ते थोडक्यात. अमेरिकेत मेजर लीग हा बेसबॉलचा सर्वांत वरचा मजला. त्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए आणि रूकी असे मजले आहेत. पूर्वी ते आणखी होते: ए, बी, सी, डी अशा श्रेण्या, आणि छोट्या छोट्या गावांच्या टीम्स. आपल्याकडच्या अनेकांनी हे जग एका सिनेमात पाहिलंय. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीग टीममध्ये गेले, ती गोष्ट. ते दोघे पिचर होते. मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. बास्केटबॉलचा देव मायकल जॉर्डन १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला तेव्हा १२७ सामन्यांत त्याची बॅटिंग सरासरी .२०२ होती आणि होम रन फक्त तीन. .२०२ म्हणजे हजार संधींत २०२ हिट. .३०० म्हणजे उत्तम, .४०० म्हणजे दुर्मीळ. एवढा संदर्भ पुरे.

आता पहिला कॉलम: होम रन.

१९५४. न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल. उडत्या तबकड्यांमुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या रॉसवेल रॉकेट्स या टीमसाठी जो बाऊमन नावाच्या डावखुऱ्या, धिप्पाड फलंदाजाने १३८ सामन्यांत ७२ होम रन मारले. सरासरी .४००, टीमला मिळवून दिलेल्या धावा २२४. त्याआधी कुठल्याही स्तरावरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये कोणी ७० चा आकडा गाठला नव्हता. जो हाऊझरने १९३३ मध्ये आणि बॉब क्रूजने १९४८ मध्ये ६९ मारले होते, तेही मायनर लीगमध्येच. बाऊमनचा विक्रम २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेजर लीगमध्ये ७३ होम रन मारेपर्यंत, म्हणजे ४७ वर्षं टिकला.

बाऊमन स्वतः मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. रॉसवेलमध्ये त्याचा पेट्रोल पंप होता. त्याने होम रन मारला की प्रेक्षक जाळीतून डॉलरच्या नोटा पुढे करत आणि तो त्या गोळा करत जाई. ही त्या भागातली रीतच होती.

मग उत्तर बाऊमन? इथे पहिला ‘पण’ येतो. रॉसवेल साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो. लाँगहॉर्न लीग ही क्लास सी, म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. समोरचे बरेच पिचर कोवळे, आणि हा ३२ वर्षांचा पिकलेला गडी. म्हणजे बहात्तर होम रन खरे, पण कुठे?

हा ‘पण’ नीट समजून घ्यायचा तर हाऊझरकडे जाऊ. हाऊझर मिनिआपोलिस मिलर्सकडून खेळायचा. त्यांच्या निकलेट पार्क मैदानाची उजवीकडची भिंत होम प्लेटपासून जेमतेम २८० फुटांवर होती. डावखुऱ्या फलंदाजाचा नैसर्गिक फटका उजवीकडेच जातो. १९३३ च्या ६९ होम रनांपैकी ५० त्याने या घरच्या मैदानावर मारले, बाहेर फक्त १९. मग भिंत किती आणि हाऊझर किती?

आजकाल याचं उत्तर द्यायला आकडे आहेत. डब्ल्यूआरसी प्लस नावाचं एक माप आहे. त्यात फलंदाजाचं एकूण योगदान काढतात, मैदानाचा फायदा-तोटा वजा करतात आणि लीगच्या सरासरीला १०० मानून त्याच्याशी तुलना करतात. १५० म्हणजे सरासरी फलंदाजापेक्षा ५० टक्के जास्त. सुंदर कल्पना आहे. माझ्यासारखीला तर फारच आवडते, कारण आमच्याकडेही ‘माझ्या लॅपटॉपवर फास्ट चालतं’ या वाक्याला काही किंमत नसते. मशीन तेच ठेवून मोजा, मग बोला.

पण वजाबाकी सुरू केली की थांबायचं कुठे, हा प्रश्न येतो. भिंत जवळ होती हे नशीब, म्हणून वजा. हवा विरळ होती, वजा. पिचर कच्चे होते, वजा. मग हाऊझर डावखुरा जन्माला आला, हे नशीब नाही का? बाऊमनची उंची, त्याचे खांदे, चेंडू दिसल्यापासून बॅट फिरवेपर्यंतचा त्याच्या मेंदूचा वेग, हे त्याने कमावलं होतं का? तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात असं मांडलं की जन्मजात गुण कोणाच्या वाट्याला किती येतात, यात ज्याच्या-त्याच्या लायकीचा काही भाग नसतो. ती एक सोडतच. (रॉल्स स्वतः बेसबॉलचा मोठा चाहता होता, ही गंमत वेगळीच.) हा विचार शेवटपर्यंत ताणला तर सगळं नशीब वजा केल्यावर बॅट धरायला माणूसच उरत नाही.

शिवाय भिंत सगळ्यांसाठी तीच होती. मिलर्सचे बाकीचे डावखुरे त्याच मैदानावर खेळत होते, पाहुण्या टीम्सचेही. ६९ एकट्या हाऊझरचे झाले. समोरच्या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग करता येणं हे कौशल्य नाही, असं कोण म्हणेल? पावसाळ्यात कोकणात भात लावणाऱ्याला ‘पाऊस वजा करून किती पिकवलंस?’ असं आपण विचारत नाही.

म्हणून मला वाटतं, काय वजा करायचं याचं उत्तर आकड्यांत नाही, प्रश्नात आहे. ‘हा माणूस दुसऱ्या मैदानावर किती मारेल?’ असं विचारायचं असेल तर भिंत वजा केलीच पाहिजे. ‘त्या वर्षी, त्या मैदानावर या माणसाने काय केलं?’ असं विचारायचं असेल तर भिंत त्या कामाचाच भाग आहे. पहिला प्रश्न क्षमतेबद्दल आहे, दुसरा कृतीबद्दल. आपण सर्रास दुसरा प्रश्न विचारतो आणि उत्तर पहिल्याचं देतो.

कॉलम बदलून पाहू. आता दर्जाही वरचा घेऊ. १९२०च्या दशकातली पॅसिफिक कोस्ट लीग. तेव्हा मेजर लीगची एकही टीम सेंट लुईसच्या पश्चिमेला नव्हती. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या लोकांसाठी हीच मोठी लीग. हवा बरी, म्हणून हंगाम लांबच लांब, दोनशेच्या आसपास सामने. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या टोनी लाझेरीने १९७ सामन्यांत ६० होम रन मारले. बेब रूथने मेजरमध्ये साठी गाठली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आणि १९२९ मध्ये मिशन रेड्सच्या आईक बूनने १९८ सामन्यांत ३२३ हिट, ५५ होम रन आणि .४०७ सरासरी असा हंगाम केला. त्याचे ‘टोटल बेसेस’, म्हणजे सिंगलला एक, डबलला दोन, होम रनला चार असे मोजलेले गुण, ५५३ झाले. मेजर लीगचा विक्रम रूथचा, १९२१ चा, ४५७.

५५३ विरुद्ध ४५७. पण सामन्यांनी भागलं तर बून २.८ च्या आत आणि रूथ ३ च्या किंचित वर. तोच हिशोब बाऊमनला लावला तर १३८ सामन्यांत ४५६, म्हणजे सामन्यामागे ३.३. पुन्हा बाऊमन वर. मग पुन्हा ‘पण क्लास सी’. उलट बाजूने १९७८ चा गॅरी रेडस घ्या: रूकी स्तरावरच्या पायोनियर लीगमध्ये .४६२ ची अविश्वसनीय सरासरी, पण फक्त ६८ सामने. लांब हंगाम म्हणजे जास्त संधी, पण जास्त थकवाही. छोटा हंगाम म्हणजे कमी पुरावा. यातल्या कशाला किती वजन द्यायचं, ते ठरवल्याशिवाय यादी लावताच येत नाही. आणि वजन ठरवणं ही आवड-निवड झाली, मग तिच्या शेवटी दशांश चिन्हानंतर तीन आकडे असले तरी.

इथे बहुतेक जण एक सोपी युक्ती काढतात. म्हणतात, पुढे काय झालं ते बघा ना! हंगाम खरा की फुगवलेला, हे मेजर लीग ठरवेल. पॉल स्ट्रँडचं उदाहरण देतात. १९२३ मध्ये सॉल्ट लेक सिटीकडून त्याने ३२५ हिट मारले, .३९४ सरासरी. फिलाडेल्फियाने मोठ्या अपेक्षेने त्याला घेतलं, तिथे पन्नासेक सामन्यांतच सरासरी .२२८ वर घसरली आणि तो परत मायनरमध्ये आला. म्हणजे तो हंगाम खोटा होता?

तसं असेल तर बूनचं काय? त्याची मेजर लीगमधली एकूण सरासरी .३२१ आहे, म्हणजे अनेक नावाजलेल्यांपेक्षा सरस. तरी त्याचं करिअर मुख्यतः मायनरमध्येच गेलं, कारण तो पळायला आणि क्षेत्ररक्षणाला मंद होता. दोघांच्या बाबतीत पुढे काय झालं ते वेगळं, पण १९२३ आणि १९२९ मध्ये चेंडू जिथे पडायचे तिथेच पडले होते. पुढच्या वर्षीच्या निकालाने मागच्या वर्षीचा हंगाम बदलत नाही. बदलतो तो आपला अंदाज.

हा अंदाज बांधणाऱ्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. १९८५ मध्ये बिल जेम्सने दाखवून दिलं की मायनरचे आकडे मैदान आणि लीगचा दर्जा लक्षात घेऊन नीट बदलून घेतले, तर मेजरमधल्या कामगिरीचा चांगला अंदाज देतात. तोवर ‘मायनरचे आकडे निरर्थक’ असं सरळ म्हटलं जायचं. जेम्सचं काम त्या खेळाडूंसाठी न्यायाचंच होतं. पण त्यासोबत एक सवयही घट्ट झाली: मायनरचा प्रत्येक हंगाम ‘हा वर जाऊन काय करेल?’ याच चष्म्यातून वाचायची.

या सवयीची मुळं आणखी जुनी आहेत. १९२०च्या दशकात ब्रँच रिकी या माणसाने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी ‘फार्म सिस्टीम’ उभी केली. छोट्या गावांच्या टीम्स विकत घ्यायच्या किंवा बांधून ठेवायच्या, तिथे पोरं वाढवायची, चांगली निघाली की वर न्यायची. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या हाताखाली अशा तीसहून जास्त टीम्स होत्या. स्वतःसाठी, गावासाठी खेळणाऱ्या टीम्स हळूहळू रोपवाटिका झाल्या. रोपवाटिकेत कुठलंच झाड मोठं झालेलं चालत नाही. त्याआधीच ते उपटून दुसरीकडे लावायचं असतं.

आणि इथेच या सगळ्या प्रश्नातली सर्वांत विचित्र गोष्ट लपलेली आहे. आजच्या मायनर लीगमध्ये खरोखर असामान्य खेळणाऱ्याचा हंगाम पूर्णच होत नाही. त्याला जूनमध्ये वरच्या मजल्यावर पाठवतात. १९३० मध्ये बून ८३ सामन्यांनंतर .४४८ वर होता, तेव्हा ब्रुकलिनने त्याला बोलावून घेतलं. तो हंगाम तिथेच तुटला. १९२९ चा विक्रम होऊ शकला, कारण त्या वर्षी त्याला कोणी बोलावलं नाही. मायनरमध्ये वर्षभरात सर्वाधिक होम रन मारणाऱ्याला जो बाऊमनच्या नावाचं बक्षीस देतात. ते मिळवायचं तर वर्षभर मायनरमध्येच असावं लागतं. म्हणजे आपण ज्या यादीत सर्वोत्तम शोधतोय, ती बऱ्याच अंशी मागे ठेवल्या गेलेल्यांची यादी आहे.

ॲरिस्टॉटलने दोन प्रकारच्या क्रिया वेगळ्या केल्या होत्या. घर बांधणं ही एक. घर पूर्ण होईपर्यंत ती अपुरीच असते, तिचा अर्थ शेवटी हाती येतो. पाहणं ही दुसरी. पाहताना प्रत्येक क्षणी ते पूर्णच असतं. मायनरचा हंगाम यातला कुठला? फार्म सिस्टीम म्हणते पहिला, पायरीचा, तयारीचा. आणि हे नुसतं म्हणणं नसतं, त्याचा पगारात हिशोब होतो. ‘तुम्ही अजून शिकताय’ या कारणाखाली मायनरच्या खेळाडूंना वर्षानुवर्षं फार कमी पैसे मिळत. कमी वेतनाच्या खटल्यात मेजर लीगने २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी खेळाडूंची युनियन झाली आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने ट्रिपल-ए चं किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेलं. त्या वर्षी मेजरमधलं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं. एकाच कामाला आपण ‘तयारी’ म्हणतो की ‘काम’, यावर कोणाचं घर कसं चालतं हे ठरतं.

मला हा प्रश्न इतका का चावतो, ते सांगते. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते: वर्षभराची कामगिरी आणि ‘पोटेन्शियल’. आमच्या टीममध्ये एक पंचेचाळिशीतले सहकारी होते. बिलिंगची एक जुनी सिस्टीम ते सांभाळायचे, जिला नव्या मुलांपैकी कोणी हात लावायला तयार नसायचं. त्या वर्षी त्यांनी तिची एकेक गाठ सोडवत नेली. महिन्यातून पाच-सहा वेळा रात्री दोनला फोन वाजायचा, तो वाजायचा बंद झाला. मी ऑन-कॉल रोटेशनमध्ये होते, त्यामुळे त्या कामाची किंमत माझ्या झोपेने मोजलेली आहे. मी फीडबॅकमध्ये स्वच्छ लिहिलं की माझ्या पाहण्यातलं त्या वर्षातलं हे सर्वोत्तम काम. रेटिंग मधलंच आलं. कारण तोंडी कळलं: ‘काम चांगलंय, पण ग्रोथ पाथ नाही.’ म्हणजे क्लास सी. म्हणजे वय ३२, पेट्रोल पंप, पुढे कुठे जाणार नाही.

त्या मीटिंगमध्ये कोणी दुष्ट नव्हतं. ज्यांना वरचं रेटिंग मिळालं ती मुलंही हुशारच होती. फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रकान्यात भरली गेली होती. ‘कोणावर पैसे लावायचे?’ हा प्रश्न कंपनीने जरूर विचारावा. पण ‘या वर्षी कोणी उत्तम काम केलं?’ याचं उत्तर म्हणून तो वापरला की, जे आधीच घडलंय ते आपण खोडून टाकतो.

आता वाटेल की मी मत बाऊमनला देणार. थांबा, एक हंगाम अजून राहिलाय.

१९४६. मॉन्ट्रिऑल रॉयल्स, इंटरनॅशनल लीग, ट्रिपल-ए. २७ वर्षांच्या जॅकी रॉबिन्सनने .३४९ सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, ४० बेस चोरले, ११३ धावा केल्या. होम रन फक्त तीन. बाऊमनच्या बहात्तरांशेजारी हा आकडा ठेवला तर हसू येईल. पण या लीगने १८८७ मध्येच ठराव करून कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार बंद केले होते. तेव्हा बफेलोकडून उत्तम फलंदाजी करणारा फ्रँक ग्रँटही त्याच दाराबाहेर ढकलला गेला. पुढे लेखी नियमाचीही गरज उरली नाही, सगळ्यांच्या संगनमतानेच दार बंद राहिलं. ते उघडायला रॉबिन्सनला आणणारा माणूस कोण? तोच ब्रँच रिकी, आता ब्रुकलिन डॉजर्समध्ये. ज्या रोपवाटिकेबद्दल मी वर नाक मुरडलं, तिचाच वापर करून त्याने हे केलं. म्हणजे ‘पुढच्यासाठीची तयारी’ ही कल्पना दरवेळी माणसाला लहानच करते, असं म्हणता येत नाही. रॉबिन्सनचा हंगाम तर शंभर टक्के चाचणी होता.

हंगामाआधीच्या सरावात फ्लोरिडातल्या सॅनफर्डमधून त्याला निघून जावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये त्याला खेळू द्यायचं नाही म्हणून सामनाच रद्द झाला. १८ एप्रिलला जर्सी सिटीत पहिल्याच सामन्यात त्याने चार हिट मारले, त्यात एक होम रन. हंगामभराच्या ताणाने त्याची झोप आणि भूक गेली आणि डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं. अंतिम मालिकेत लुईव्हिलच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मॉन्ट्रिऑलने ती मालिका जिंकली, तेव्हा तिथले लोक आनंदाने त्याच्यामागे रस्त्यावरून धावत सुटले.

माझं मत रॉबिन्सनला आहे. पण ते का, हे नीट सांगायला हवं, कारण चुकीच्या कारणासाठी दिलेलं मत त्याचाच अपमान करेल. ‘त्याने फार सोसलं’ हे कारण नाही. सोसण्याला सहानुभूती द्यावी, बॅटिंगचं बक्षीस नाही. तसं केलं तर .३४९ ला आपण कणवेचे गुण जोडल्यासारखं होईल, आणि त्याला त्याची गरज नव्हती. लीगमधला पहिला क्रमांक त्याने कोणाच्या कृपेने मिळवला नव्हता.

माझी कारणं दोन. पहिलं, अवघडपणा कामाच्या आत होता, बाहेर नाही. फलंदाजी म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू ओळखणं. रॉबिन्सनला तो अंगावर येणार आहे की प्लेटवर, हे प्रत्येक वेळी ठरवायचं होतं आणि रागाने एकदाही उलट फिरायचं नव्हतं. अशा स्थितीत त्याने ९२ वेळा चेंडू सोडून ‘वॉक’ मिळवला आणि तो स्ट्राइक-आऊट झाला फक्त २७ वेळा. हा संयम मोजलेला आहे, आकड्यांत दिसतो. भिंत जवळ असल्याचा फायदा आपण वजा करणार असू, तर हे ओझं जमेला धरणं हा त्याच गणिताचा भाग आहे.

दुसरं कारण डेटाचं. डब्ल्यूआरसी प्लस असो की साधी सरासरी, आपण फलंदाजाची तुलना लीगशी करतो. पण १९४६ आधीची लीग ही चाळून घेतलेली होती. चाळणीने कौशल्य नाही, कातडीचा रंग पाहिला होता. लाझेरी, बून, हाऊझर यांनी जे केलं ते खरंच केलं, त्यांचा एकही हिट कमी होत नाही. पण ‘सर्वांत उत्तम’ या शब्दातला ‘सर्वांत’ त्यांच्या बाबतीत कधी तपासलाच गेला नव्हता. ज्यांनी तो खोटा ठरवला असता ते मैदानाबाहेर होते. रॉबिन्सनचा हंगाम त्या शब्दाला अर्थ यायला जिथून सुरुवात झाली, तिथला आहे. इतर सर्वांनी दिलेल्या मापात आपापलं काम केलं. त्याच्या हंगामाने मापच दुरुस्त करायला घेतलं, आणि तेही त्याच मापात पहिला येऊन.

यावर वाद घालता येतो, घालावाच. कोणी म्हणेल, मग १९५६ चा स्टीव्ह बिल्को का नाही? तोपर्यंत दारं उघडली होती, पॅसिफिक कोस्ट लीगचा दर्जा ट्रिपल-ए च्याही वर धरला जात होता, आणि लॉस एंजेलिसकडून .३६०, ५५ होम रन, १६४ धावा मिळवून देणं अशा तिन्ही याद्यांत तो पहिला होता. ‘निव्वळ बॅट’ एवढाच प्रश्न असेल तर माझ्याकडे याला फारसं उत्तर नाही. त्याचं मैदानही होम रनला सोपं होतं, असं म्हणेन आणि तुम्ही मला हाऊझरबद्दलचा माझाच परिच्छेद वाचून दाखवाल. ठीक आहे. फक्त आपण कुठला प्रश्न विचारतोय ते आधी सांगू, एवढीच माझी अट.

आणि बाऊमन? १९५४ च्या ५ सप्टेंबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आर्टिशिया या शेजारच्या गावात दोन सामने होते. त्या दिवशी त्याने ७०, ७१ आणि ७२ वा होम रन मारला. तिथून वर कुठे जायचं नव्हतं, कोणी स्काऊट त्या आकड्यांवर पैसे लावणार नव्हता. पुढची दोन वर्षं तो रॉसवेलकडूनच खेळला, मग थांबला आणि २००५ मध्ये वारला तोपर्यंत त्याच गावात राहिला. माझं मत त्याला नाही. पण त्याचा आकडा सांगताना मी आता क्लास सी, १९५४, रॉसवेल, उंची साडेतीन हजार फूट असं सगळं सांगते आणि ‘पण’ हा शब्द गाळते. ते सगळं ७२ मधून वजा करायचं नसतं. ते ७२ कुठे घडले, याचा तो पत्ता आहे.